चांदणीच्या चिखल्या

पशुवैद्य म्हणून माझी बहुतेक सगळी नोकरी गाईम्हशींच्या मागच्या बाजूला उभी राहून गेली. अडलेलं वासरू, फुगलेलं पोट, दगडासारखी झालेली कास, कुत्रा चावलेली शेळी, माना टाकलेल्या कोंबड्या. कोकणातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात येतं ते एवढंच. घोडा आम्हाला कॉलेजात शिकवला होता, परीक्षेत त्याच्यावर मी बरे मार्कही मिळवले होते. पण सावर्ड्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीने घोडा पाहिला होता तो लग्नाच्या वरातीत, आणि तोही लांबून. त्यामुळे निवृत्तीनंतर कुणी विचारलं, की तुमच्या लक्षात राहिलेली केस कुठली, आणि मी "एका घोडीच्या चिखल्या" असं म्हटलं, की लोक हसतात.

चिखल्या म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लावणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात उभ्या असतात, पायांच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फाटते आणि ठणकते. घोड्यालाही नेमकं तेच होतं. त्याच्या खुराच्या वर, मागच्या बाजूला एक खळगा असतो. तिथली कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, बारीक भेगा जातात आणि एरवी कातडीवर निमूट बसून असलेला एक जंतू त्या भेगांतून आत शिरतो. मग खपल्या धरतात. खपलीला चिकटून केसांचे रंगाच्या ब्रशासारखे झुबके होतात आणि झुबका जरा उचलला की खाली पू. पांढऱ्या पायांच्या, गुलाबी कातडीच्या घोड्यांना याचा त्रास जास्त.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण आजार आत उतरला की पाय खांबासारखा सुजतो. म्हैस लंगडली तरी दूध देते. लंगड्या घोड्याला मात्र कुणी दारात ठेवत नाही.

हे सगळं मी आज सांगते आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यातलं निम्मंही मला कळत नव्हतं.

तो पहिला घोडा हातखंब्याचा, बादल नावाचा. हायवेच्या कडेला एका टपरीमागे बांधलेला असायचा, लग्नाच्या दिवसांत वरातीला जायचा, आणि पावसाळाभर त्याच टपरीमागे लाल चिखलात उभा राहायचा. मी तेव्हा नोकरीत नवी होते. मालकाने बोलावलं, मी गेले, खपल्या पाहिल्या आणि मला वाटलं, घाण आहे, काढून टाकली पाहिजे. चौघांनी त्याला धरलं आणि मी त्या सुक्या खपल्या ओढून ओढून काढल्या. रक्त आलं. वर मलम फासलं, घट्ट पट्टी बांधली, आणि दोन दिवस पट्टी सोडू नका म्हणून सांगून निघून आले. ओल्या जखमेवर मलमाचा थर, त्यावर घट्ट पट्टी, आणि बाहेर कोकणातला आषाढ. दोन दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा आलेला वास मला अजून आठवतो.

बादल मेला नाही. पण त्याचा तो पाय कायमचा जाड राहिला. तो नीट चालेना, वरातीत नाचणं तर दूरच. पुढच्या उन्हाळ्यात मालकाने त्याला घाटावर कुणाला तरी देऊन टाकलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. "तुम्ही काय करणार मॅडम, त्याचं नशीब," असंच मालक म्हणाला. माझी चूक त्याच्या लक्षातच आली नव्हती, आणि मीही ती त्याला सांगितली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं घोडा माझ्या वाट्याला आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मला बरंच वाटत होतं.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात मी पालीच्या दवाखान्यात होते. शिवाय रत्नागिरीच्या पलीकडच्या खाडीकाठच्या एका दवाखान्यातली जागा रिकामी होती, तिचाही कार्यभार माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा तिकडे जायचं. एका सकाळी तिथे एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ छत्री मिटून दारात उभे राहिले. पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी, हातात मोबाईल.

"मॅडम, तुमी घोडी बगता काय?" त्यांनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं.

त्यांचं नाव हसनचाचा. आयुष्यभर जहाजावर होते, डेकवरच्या कामाला. बायको गेली, मुलगा दोहाला. परत आल्यावर घरात बसवेना म्हणून त्यांनी घाटावरून एक पांढरी घोडी आणली. सुट्ट्यांत भाट्याच्या किनाऱ्यावर पोरांना फेऱ्या मारायच्या, आजूबाजूच्या लग्नांना न्यायची. नाव चांदणी. मोबाईलवर त्यांनी मला तिचे पाय दाखवले. एक फोटो, दुसरा, तिसरा. आणि मध्येच चुकून तिच्या नुसत्या चेहऱ्याचा एक. त्या फोटोवर ते जरा जास्त वेळ थांबले.

मी स्कूटरवरून त्यांच्या मागोमाग गेले. घरामागे चिऱ्याच्या भिंतींचा छोटा गोठा होता, वर पत्रा. चांदणी मागचा डावा पाय अधांतरी धरून उभी होती. चारही पायांना खपल्या होत्या, डाव्या मागच्याला सगळ्यांत जास्त. मी हात लावायला वाकले, तर तिने पाय झटकून असा काही मागे घेतला की माझी पिशवीच उडाली.

दारात चाचांची सून रुबिना उभी होती, विशी-पंचविशीची. ती गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. "माका भीती वाटते तिची," ती म्हणाली. "बाबांना किती वेळा सांगितला, हा जनावर आपल्या घरात नको. लाथ मारली तर?" आणि लगेच पुढे, "कोकमाचा तेल लावू काय मॅडम? आमी टाचांना लावतो."

"आत्ता नको," मी म्हटलं. "ओल्यावर तेल लावलं तर ओल आतच कोंडते." एवढं मी बादलकडून शिकले होते.

यावेळी मी घाई केली नाही. पायाचे लांब केस कातरले. खपल्या कोमट औषधी पाण्याने भिजवून मऊ केल्या, आपणहून सुटतील तेवढ्याच काढल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. जंतुनाशक पातळ करून लावलं, दहा मिनिटं ठेवलं, धुतलं, पुसलं. चाचा लक्ष देऊन बघत होते. तीन दिवसांतून एकदा असं करायचं म्हणून मी त्यांना सांगितलं, आणि निघताना वर म्हटलं, "चाचा, पाय स्वच्छ ठेवा. स्वच्छता सगळ्यांत महत्त्वाची."

"त्याची तुमी काळजीच करू नका," चाचा म्हणाले.

आठवडा गेला. फरक नाही. दहा दिवस झाले, तर जुन्या खपल्यांच्या जागी नव्या. मी औषध बदललं. किड्यांमुळेही असं होतं, म्हणून त्याचंही औषध दिलं. घोड्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "औषध बरोबर आहे गं. पाणी कुठून येतंय ते शोध." मी म्हटलं, "अगं, मी रत्नागिरीत आहे. पाणी कुठून येत नाही ते विचार." दोघी हसलो, आणि मी तिचं बोलणं तिथेच सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

कारण त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी रुबिनाचा फोन आला. "मॅडम, तुमी लवकर येवा. पाय लय सुजलाय. आणि बाबांनी घाटावरच्या नानांना बोलावलाय, ते आता डाग देणार हायत."

मी पोचले तेव्हा अंगणात पत्र्याखाली शेगडी पेटलेली होती आणि निखाऱ्यांत दोन लोखंडी सळया. शेगडीपाशी उकिडवे बसले होते विठूनाना. चांदणी त्यांच्याच ओळखीने घेतलेली. फेटा, जाड मिशा, हाताची बोटं अशी की घोड्यांत हयात गेलेली लगेच कळावी. चाचा घोडीच्या गळ्याला मिठी मारून उभे होते. घोडीचा डावा पाय खुरापासून वर गुडघ्यापर्यंत एकसारखा जाड झाला होता. अंग तापलेलं, मान खाली.

"नाना, हे करू नका," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. "बाई, तुमची दवा झाली की पंधरा दिस. हे डागल्याबिगर जायाचं न्हाई. असले पाय मी किती बघितल्यात."

"आणि डागल्यावर किती वाचले?"

"काही वाचले. काही न्हाई."

खरं बोलणारा माणूस होता. मला त्यांच्याशी भांडणं सोपं गेलं असतं, जर ते अडाणी असते किंवा लबाड असते. ते दोन्ही नव्हते. आणि माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे काय होतं? पंधरा दिवसांचे न लागू पडलेले उपचार, आणि त्याआधी एक बादल.

"कातडी आधीच फाटलीय," मी म्हटलं. "आत पू आहे. त्यावर भाजलं तर ती जखम या पावसात भरणारच नाही, पाय हातचा जाईल. शिवाय डागणं हा गुन्हा आहे, तेही मला सांगायला हवं. पण ते सोडा. मला तीन दिवस द्या. रोज इंजेक्शन देते. तीन दिवसांत सूज उतरली नाही, तर…"

"तर?" चाचांनी विचारलं.

मला 'तर'च्या पुढचं काहीच सुचलं नव्हतं. "तर मी चुकले म्हणून तुमच्यासमोर कबूल करीन," मी म्हटलं. "पण आज नाही."

चाचांनी एकदा शेगडीकडे पाहिलं. मग त्यांनी घोडीच्या मानेवरचा हात न काढता सांगितलं, "नाना, सळया भायेर काडा."

नानांनी सळया काढून पावसात धरल्या. चर्र आवाज झाला आणि चांदणी दचकली. "तीन दिस मी रत्नागिरीत पाव्हण्यांकडं हाय," ते मला म्हणाले. "तिसऱ्या दिशी येतो."

मी इंजेक्शनं दिली आणि घरी गेले. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. मैत्रिणीचं वाक्य सारखं डोक्यात येत होतं. पाणी कुठून येतंय?

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच खाडीकाठच्या त्या घरी जाऊन गोठ्यासमोरच्या ओट्यावर बसले. औषध द्यायला अर्धा तास लागतो. मला घोडीचा अख्खा दिवस बघायचा होता. रुबिनाने चहा आणून दिला, मग तांदळाची भाकरी आणि बांगडा. पाऊस अधूनमधून येत होता. गोठा गळत नव्हता, ते मी आधीच पाहिलं होतं. चांदणीला बाहेर सोडतच नव्हते, म्हणजे चिखलही नाही. खाली पेंढा होता. वरून सुका वाटत होता, हात घालून पाहिला तर खालचा थर चिंब. जमिनीची ओल असेल म्हणून मी वर पाहत बसले, खाली पाहत बसले. काही कळेना.

दुपारी दीडच्या सुमारास चाचा बाहेर आले. नळावर बसून वजू केला. हात, तोंड, पाय, सगळं शांतपणे, सवयीने. मग नळाची लांब नळी उचलली आणि गोठ्यात गेले. नळीचं पाणी चांदणीच्या एकेका पायावर धरलं आणि जहाजाचा डेक धुवावा तसे चारही पाय घासूनपुसून, म्हणजे नुसते घासून, धुतले. "माझी पोर ती, माझी पाक पोर," असं काहीतरी तिच्याशी बोलत होते. मग नळी गुंडाळून ठेवली आणि नमाजाला गेले. चांदणी ठिबकत्या पायांनी उभी राहिली.

मी ओट्यावरून उठले आणि परत बसले.

ते परत आले तेव्हा मी विचारलं, "चाचा, हे दिवसातून किती वेळा?"

"पाच वेळा," त्यांनी अभिमानाने सांगितलं. "माझे पाय धुतो तेवा तिचे पण धुतो. आधी दोनदा धुवायचो, भायेरून आली की. तुमी सांगितलंत ना, स्वच्छता सगळ्यांत महत्त्वाची? तेवापासून एक वेळ चुकवला नाय."

मी सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. 'कोरडे' हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाच नव्हता. मला तो इतका उघड वाटला होता की सांगायची गरजच वाटली नव्हती.

"चाचा," मी म्हटलं, "वजू झाल्यावर तुम्ही पाय पुसता?"

"पुसतो की. टॉवेल हाय तिथे."

"आणि तिचे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. चांदणीच्या पायांवरून अजून पाणी ओघळत होतं. एखाद्या माणसाला आपण काय केलं ते कळतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि पुन्हा कधी बघायची माझी इच्छा नाही. ते ओट्याच्या कडेला खाली बसले.

"म्हंजे मीच केला हा?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "दोघांनी केलं. तुम्ही धुतलंत आणि मी सांगितलं. माझी चूक जास्त, कारण मी शिकलेली आहे."

मग मी त्यांना बादलची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणाला तरी, सगळी. ओढून काढलेल्या खपल्यांसकट. ते ऐकत राहिले, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मग आता काय करायचा ते सांगा."

करायचं ते तसं सोपं होतं आणि कोकणात ते जवळजवळ अशक्य होतं: पाय कोरडे ठेवायचे. चिखल लागला तर लगेच धुवायचा नाही, वाळू द्यायचा आणि मग ब्रशाने झाडायचा. औषधाने धुतलंच, तर नंतर केसांच्या मुळापर्यंत कोरडं करायचं. चाचांना ते ऐकताना त्रास होत होता. "म्हंजे तिला घाण ठेवू?" त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "हो" म्हटलं.

त्याच दुपारी त्यांनी गोठ्यातला सगळा पेंढा उपसून बाहेर टाकला. खालच्या जमिनीतून ओल येतच होती. मी म्हटलं, काहीतरी उंच हवं. चाचा उठले, खाडीवर गेले आणि एका मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या चौघांच्या मदतीने उचलून घेऊन आले. चिऱ्यांच्या रांगा मांडून, त्यांवर फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून, खिळे ठोकून संध्याकाळपर्यंत त्यांनी गोठ्यात लाकडी जमीन तयार केली. पाणी पडलं तर फटीतून खाली जाईल, घोडी वर सुकी. आत पाऊल टाकताना चांदणी आवाजाने बिचकली. चाचा आधी स्वतः चढून फळ्यांवर चालले. "बग, डेक हाय डेक. काय होत नाय," तिला म्हणाले.

राहिला प्रश्न पाय सुकवण्याचा. त्या दिवसांत आमच्याकडे टॉवेलच सुकत नाहीत, तर टॉवेलने काय सुकवणार? आम्ही विचार करत असताना उंबऱ्याबाहेरून रुबिना म्हणाली, "माझा ड्रायर हाय. केसांचा. ह्यांनी दोहावरून आणलेला."

चाचा म्हणाले, "काय गो, तुझा चांगला ड्रायर घोडीला?"

"मग काय झाला? केसच सुकवायचे ना?"

आवाजाला घोडी घाबरणार हे उघड होतं. पहिल्या दिवशी रुबिनाने तो स्वयंपाकघरातच चालू केला आणि चाचांनी इकडे चांदणीला गुळाचे खडे भरवले. दुसऱ्या दिवशी अंगणात. मग उंबऱ्यावर. वारा गार ठेवायचा, गरम नाही, असं मी बजावलं होतं. रुबिना ड्रायर घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा पुढचं पाऊल तिला टाकायचं होतं, घोडीला नाही. ती तिथे बराच वेळ उभी राहिली, मग ओढणी कमरेला खोचली आणि आत गेली.

पण हे जरा पुढचं झालं. त्याआधी तिसरा दिवस आला.

विठूनाना ठरल्याप्रमाणे हजर झाले, खांद्याला तीच पिशवी. मी सकाळपासून तिथेच होते. ताप आदल्या संध्याकाळीच उतरला होता, पण सुजेबद्दल माझी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची तयारी नव्हती. आपल्याला हवं तेच दिसतं असं वाटत होतं. म्हणून मी बाजूला झाले आणि नानांनाच म्हटलं, "तुम्ही बघा."

ते वाकले. वरून खालपर्यंत पायावरून हात फिरवला, अंगठ्याने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. खोल गेलेली खूण भरून येईपर्यंत थांबले. चांदणीने पाय हिसडला नाही. नाना सरळ झाले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, उतरलंय. वरून चार बोटं उतरलंय."

चाचा घरात गेले आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसून बाहेर आले.

नानांनी जेवून जायचं कबूल केलं. जेवताना फळ्यांची जमीन आपल्या पागेतही करावी म्हणून त्यांनी चाचांना फटी किती ठेवल्या ते विचारलं. मी त्यांना बादलबद्दल विचारलं: हातखंब्याचा, करडा, मागचा एक पाय जाड, घाटावर कुणाकडे आला होता का? ते आठवत राहिले. "घाटावर घोडी लई, बाई," शेवटी ते म्हणाले. "पाय जाड झाल्येलं एखादं असंल, कुणी सांगावं. चरत आसंल कुठं तरी." त्यांना माहीत नव्हतं, आणि मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, हे दोघांनाही कळत होतं.

पुढचे दिवस चिकाटीचे होते, सांगण्यासारखं त्यात फार नाही. इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण केला. सूज उतरायला पायाची हालचाल लागते, म्हणून चाचा तिला शेजारच्या आंब्याच्या शेडमध्ये हळूहळू फिरवायचे. पावसाळ्यात ती रिकामीच असते. खपल्या मऊ होऊन सुटत गेल्या आणि खालची गुलाबी कातडी दिसू लागली. संध्याकाळी रुबिना स्टुलावर बसून एकेका पायाला वारा द्यायची. वीज गेली की जुन्या सुती लुंग्या गरम तव्यावरून फिरवून पुसायची. वाडीतली माणसं येऊन बघून जायची. कुणी म्हणालं, "चाचा, तुमची घोडी मळलीय की ओ." चाचा ओठ दाबून म्हणायचे, "मळू दे. डॉक्टरांचा हुकूम हाय." कातडी पूर्ण भरल्यावर, कोरड्या पायावर, मी कोकमाच्या तेलाचा पातळ हात फिरवायला परवानगी दिली. तेव्हा तेच तेल पाणी बाहेर ठेवतं. रुबिनाने "मी आधीच सांगितला होता" असं एकदाच म्हटलं, आणि आम्ही ते तिला म्हणू दिलं.

तरी मला पूर्ण खात्री वाटत नव्हती. घोडी खात होती, चालत होती, लंगडत नव्हती. पण उभी असताना अजून पायांवरचा भार आलटूनपालटून घ्यायची, आणि डोळे नेहमी थकलेले. चाचांनाही ते दिसत होतं.

मग एका शुक्रवारी, दुपारी, मी पालीच्या दवाखान्यात एका म्हशीला सलाईन लावत असताना फोन वाजला. रुबिना रडत होती.

"मॅडम, चांदणी पडली. गोठ्यात आडवी पडलीय. डोळे मिटलेत. हाका मारते तर हलत नाय. बाबा नमाजाला गेलेत."

सलाईन शिपायाच्या हातात देऊन मी निघाले. पाली ते खाडी, सगळा रस्ता मी काय काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. आजार रक्तात गेला. इंजेक्शनं लवकर थांबवली. पोटात पीळ पडला असेल. निवृत्तीला थोडे महिने उरलेत आणि मी दुसरा घोडा घालवला. पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि ते ऊनही मला त्या वेळी नको झालं होतं.

गोठ्यात गेले. चांदणी खरंच फळ्यांवर आडवी होती, चारही पाय लांब पसरून, मान सपाट टाकून. ती चांदणी वाटूच नये इतकी अनोळखी दिसत होती. कधीकाळी लाथेच्या भीतीने उंबऱ्याबाहेर उभी राहणारी रुबिना तिच्या डोक्याशी बसली होती, आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचा प्रयत्न करत होती.

मी गुडघ्यांवर बसले. जबड्याखालची नाडी धरली. मंद, भरलेली, एकसारखी. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. छान गुलाबी. पोटाला कान लावला. आत नेहमीची गुरगुर चालू होती. छाती सावकाश वर येत होती, खाली जात होती. मला काहीच समजेना. तेवढ्यात चांदणीच्या नाकपुड्या थरथरल्या आणि तिने एक लांब, खोल, घरघरता श्वास सोडला. मग आणखी एक.

ती घोरत होती.

घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढतो, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला गाढ झोप लागते ती आडवा झाला तरच. आणि पाय दुखत असले तर तो आडवा होत नाही, कारण पुन्हा उठताना सगळा भार त्याच पायांवर येतो. ही घोडी महिना-दीड महिना धड झोपलीच नव्हती. म्हणून ते डोळे तसे होते. आज पहिल्यांदा तिला वाटलं होतं, की आपल्याला उठता येईल.

"काय झाला, मॅडम?" रुबिनाने दबक्या आवाजात विचारलं.

"झोपलीय," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे झोपलीय गो. नुसती झोपलीय. दुखत नाहीये तिला आता."

रुबिनाने ओढणीचं टोक तोंडावर दाबलं. आधी मला वाटलं रडतेय, मग तिचे खांदे हलताना दिसले आणि कळलं की हसतेय. बहुधा दोन्ही होतं. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला. कुणीतरी रस्त्यात सांगितलं असावं, चाचा धावत आले होते. दारात धापा टाकत थांबले, टोपी हातात, चेहरा पांढराफटक. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना जवळ यायची खूण केली. ते वाकले. घोरणं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ते हळूच, फळी वाजणार नाही अशा बेताने, तिच्या पाठीमागे बसले.

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. कुणाला काही काम आठवलं नाही. झोपेत चांदणीचे पाय मधूनच हलत होते, कुठेतरी पळत असल्यासारखे. एकदा दोहाहून फोन आला, तर रुबिनाने तो बंद करून टाकला.

बऱ्याच वेळाने तिचा एक कान फिरला. डोळा उघडला. तिने मान उचलून आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच तिच्या घरात न विचारता आलो होतो. मग पुढचे दोन पाय समोर रोवले, मागचे अंगाखाली घेतले, आणि एका हिसक्यात उठून उभी राहिली. अंग झाडलं, गवताच्या काड्या आमच्या अंगावर उडाल्या. आणि ती समोरच्या गवताकडे वळली आणि खाऊ लागली, चारही पायांवर सारखा भार टाकून.